घरच्या झाडाच्या फळ्या, घरचं फर्निचर: मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या मागच्या कुंपणालगत फणसाचं झाड होतं. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेलं, त्या दिवशी ते मुळासकट आडवं झालं. त्याच्या खोडाच्या आम्ही फळ्या काढून घेतल्या, सुकवल्या, आणि आज त्याच लाकडाचं जेवणाचं टेबल, स्वयंपाकघरातली मांडणी, दोन फडताळं, देव्हारा आणि सहा पाट आमच्या घरात आहेत. घरी येणारा प्रत्येक जण काही ना काही विचारतो. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

सोसायटीत झाड पडलं तर त्याचं लाकूड आपल्याला घेता येतं का?

झाड सोसायटीच्या आवारात असेल तर आधी सोसायटीच्या कमिटीशी बोला, आणि तिचं म्हणणं लेखी घ्या. पडलेल्या झाडाची खबर पालिकेला द्यायची असते. १९१६ हा नंबर त्यासाठी चालतो. पालिकेची माणसं येतात ती रस्ता किंवा आवार मोकळं करायला. सोयीसाठी ती खोडाचे दोन-दोन फुटांचे तुकडे करतात, आणि एकदा ते झाले की फर्निचर संपलं. तेव्हा करवत चालू होण्याआधी तिथे उभं राहून नम्रपणे सांगा, ‘खोड आठ फुटांचं ठेवा, फांद्या हव्या तशा कापा.’ आमच्याकडे एवढ्या एका वाक्याने झाड वाचलं.

रस्त्यावरचं झाड पालिकेचं. ते उचलून आणायचं नाही.

उभं झाड लाकडासाठी तोडायचा विचार असेल तर तो सोडून द्या. महाराष्ट्राच्या १९७५च्या नागरी वृक्ष संरक्षण कायद्याखाली, स्वतःच्या आवारातलं झाड असलं तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांचे नियम आणखी कडक झाले आहेत. मुंबईत सावली कमी आहे. दर पावसाळ्यात आपणहून पडणारी झाडंच इतकी असतात की तोडायची गरज नाही.

गावाकडच्या वाडीतलं झाड चिरून मुंबईला आणलं तर?

आणता येतं, पण कागद करून. साग, आंबा, फणस, जांभूळ, चिंच यांसारखी झाडं १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. झाड आपल्या सातबाऱ्यावरचं असलं तरी तोडायला परवानगी आणि लाकूड न्यायला वाहतूक परवाना लागू शकतो. तालुक्याच्या वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात आधी जाऊन या. ट्रक भरल्यावर नाक्यावर शहाणपण सुचून उपयोग नाही.

मुंबईतल्या कोणत्या झाडांचं लाकूड घरात चालतं?

सरसकट उत्तर नाही, झाडागणिक आहे.

फणस माझा सगळ्यात लाडका. ताजा चिरला की आतला भाग हळदीसारखा पिवळा दिसतो, आणि उजेडात वर्ष-दोन वर्षांत तो मधासारखा तपकिरी होत जातो. गाभ्याच्या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही. कोकणातले जुने पाट आणि देव्हारे फणसाचे असत ते याच गुणामुळे. रंध्याखाली थोडा चिवट वाटतो, पण धार नीट असली तर सुरेख निघतो.

पर्जन्यवृक्ष, म्हणजे रस्त्याकडेला पसरलेली ती मोठी छत्री, याला लोक जळाऊ समजतात. हे त्याच्यावर अन्यायकारक आहे. याचा गाभा अक्रोडासारखा तपकिरी, वजनाला हलका, आणि सुकताना फार कमी आकसणारा. हवाईमध्ये याच झाडाचे मोठे वाडगे ओल्या लाकडातूनच कातून काढतात. मुंबईत पिठ्या ढेकणाने यातली कितीतरी झाडं मेली. टेबलाच्या रुंद फळ्यांसाठी हे उत्तम लाकूड. धूळ मात्र नाकाला झोंबते.

आंबा सगळीकडे मिळतो, पण त्याला वेळ देऊन चालत नाही. कापून ठेवलेल्या ओंड्यात निळे-काळे डाग पडतात आणि भुंगा शिरतो. पंधरा दिवसांत चिरून रचून ठेवला तर त्याची छान कपाटं होतात. शिवण हलकी आणि सरळ राहणारी, खणांसाठी हिच्यासारखी दुसरी नाही. समुद्राजवळच्या वस्त्यांत भेंडीचं झाड असतं, लालसर तपकिरी आणि चिवट. पूर्वी बैलगाडीच्या चाकांना ते वापरत. चिंच इतकी कठीण की खाटकाचा ठोकळा तिचाच. हत्यारांच्या मुठी आणि मोगरी तिच्या करा, टेबल करायला जाऊ नका. बाभळीचंही तेच.

गुलमोहर दिसायला देखणा, लाकूड मात्र ठिसूळ आणि लवकर कुजणारं. त्याला सोडून द्या. माडाच्या खोडात कडेचं लाकूड कठीण आणि मधलं भुसभुशीत असतं, त्यामुळे फक्त बाहेरच्या पट्ट्या कामाच्या.

ओंड्यात लाकूड किती आहे, हे कसं मोजायचं?

वखारीत आजही जुनी पद्धत चालते. मधोमध दोरी गुंडाळून घेर मोजा, त्याला चारने भागा, जे येईल त्याचा वर्ग करा आणि लांबीने गुणा. आमच्या खोडाचा घेर ५ फूट, लांबी ८ फूट. म्हणजे सव्वाचा वर्ग गुणिले आठ: साडेबारा घनफूट. गोल खोडाचं खरं घनफळ याहून जास्त असतं, सुमारे सोळा घनफूट. ही रीत चिराईतली नासधूस आधीच वजा करते. तरीही साल, चिरा, गाठी, रंध्याचा भुगा हे सगळं जाऊन आमच्या हाती प्रत्यक्ष वापराचं सहा-साडेसहा घनफूटच आलं. निम्मं धरून चाला.

वजनाचाही अंदाज आधीच घ्या. ओल्या लाकडाचा एक घनफूट साधारण २५ ते ३० किलो भरतो. आमचा ओंडा साडेचारशे किलोच्या आसपास होता. तो उचलायला चार माणसं पुरत नाहीत; गोल पाइपांवरून ढकलत टेम्पोपर्यंत नेला.

चिरायचं कुठे? चेनसॉ आणून घरी नाही का जमणार?

मोकळी वाडी असेल तर जमतं. चेनसॉला बसवायची लोखंडी चौकट मिळते, तिच्या आधाराने एकसारख्या जाडीच्या फळ्या निघतात. पण उभी चिराई करायला साखळी वेगळी लागते, दात वेगळ्या कोनात घासलेले असतात. आडव्या कापणीच्या साखळीने प्रयत्न केला तर मशीन तापतं आणि फळी लाटांसारखी निघते. शिवाय प्रत्येक कापात आठ-नऊ मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो. सॉ मिलमधल्या पट्टीच्या करवतीत दोन-तीन मिलिमीटरच जातं. सोसायटीच्या आवारात हा आवाज दिवसभर कोणी सहन करणार नाही, करूही नये.

मुंबईत सरळ मार्ग म्हणजे परवाना असलेली सॉ मिल. रे रोड, दारूखाना भागात लाकडाच्या वखारी आणि चिराई दोन्ही आहेत. जाताना ओंडा कुठून आला त्याचा कागद बरोबर ठेवा.

आणि इथे शहरातल्या झाडांची खरी अडचण येते: खिळे. पाट्या, दिव्यांच्या माळा, कपडे वाळत घालायच्या तारा, सगळं आपण झाडालाच ठोकतो. झाड ते गिळून वर साल चढवतं. पहिल्या दोन गिरण्यांनी आमचा ओंडा नाकारला. तिसऱ्या ठिकाणचे मिस्त्री म्हणाले, ‘दादा, आत लोखंड निघालं तर माझं पातं गेलं. तुम्ही शोधून आणा, मग चिरतो.’ त्यांचं बरोबर होतं. भाड्याने मेटल डिटेक्टर आणून ओंड्याचा इंच न् इंच तपासला. जमिनीपासून चार-पाच फुटांवर तीन खिळे आणि जाड तारेचा एक वेढा सापडला. पटाशीने खणून काढायला दोन संध्याकाळ गेल्या. खिळ्याभोवती लाकूड निळसर काळं झालं होतं, लोखंड आणि झाडाचा रस एकत्र आल्याची ती खूण. टेबलाच्या एका फळीवर तो डाग मी मुद्दाम ठेवला आहे.

फळ्या किती जाडीच्या काढाव्यात?

तयार वस्तू एक इंची हवी असेल तर सव्वा इंची काढा. सुकताना आकसते, वाकते, आणि मग रंध्याने सपाट करताना दोन्ही बाजूंनी जाते. टेबलाच्या पायांसाठी एक ओळ अडीच-तीन इंची काढून ठेवा, नंतर जाड लाकूड कुठून आणणार?

खोडाच्या अगदी मधोमध जी बारीक मऊ नळी असते, ती ज्या फळीत येईल ती फळी हमखास तडकते. फळी मधून उभी चिरून ती नळी काढून टाका, दोन अरुंद फळ्या मिळतील. ज्या फळ्यांच्या टोकाला रेषा उभ्या दिसतात, त्या सगळ्यात कमी वाकतात. खणांच्या बाजू आणि दारांच्या चौकटी त्यांच्या करा.

सुकवायला किती दिवस लागतात?

दिवस नाही, वर्षं. ढोबळ हिशेब इंचाला वर्ष असा आहे, आणि मुंबईत चार महिन्यांचा पावसाळा त्यात धरायचा नाही. आमच्या सव्वा इंची फळ्या दोन वर्षं थांबल्या. याच प्रश्नावर मी सगळ्यात जास्त बोलतो, कारण बिघडलेलं फर्निचर बहुतेक वेळा इथेच बिघडलेलं असतं, सुताराच्या हाती जाण्याआधी.

चिरून आणल्या दिवशीच फळ्यांच्या दोन्ही टोकांना मेण किंवा उरलेला ऑइलपेंट जाड लावा. टोकातून पाणी फळीच्या अंगापेक्षा कितीतरी वेगाने बाहेर पडतं, म्हणून चिरा टोकापासून सुरू होतात. एक दिवस उशीर केलात तर केसाएवढ्या रेषा दिसू लागतात, आणि त्या पुढे फूटभर आत जातात.

मग थर रचा. जमिनीपासून फूटभर उंच विटा, त्यावर सपाट बैठक. प्रत्येक दोन फळ्यांच्या मध्ये पाऊण इंची कोरड्या पट्ट्या, दीड-दोन फुटांवर एक. सगळ्या थरांतल्या पट्ट्या बरोबर एकीखाली एक, ओळंब्यात आल्या पाहिजेत. एक पट्टी चार बोटं सरकली तर वरचं ओझं फळीला तिथे वाकवतं आणि ती तशीच वाळते. माथ्यावर जुन्या लाद्या ठेवून वजन द्या.

ऊन नको. गच्चीवर उन्हात टाकलेल्या फळ्या महिनाभरात होडीसारख्या होतात. सावली आणि वारा हवा. पावसाळ्यात वरून पत्रा घाला पण बाजू उघड्या ठेवा. ताडपत्रीत गुंडाळून ठेवलं तर आत बुरशीचं शेत तयार होईल.

जागा कुठली, हा मुंबईकराचा खरा प्रश्न. आमच्या कमिटीने जिन्याखालची जागा दिली, बदल्यात मी सोसायटीचा नोटीस बोर्ड करून दिला. पहिले सहा महिने लाकूड घरात आणूच नका, ओल फार सुटते. नंतर पलंगाखाली, माळ्यावर, गॅलरीच्या भिंतीलगत आडवं चालतं. निवासी खोलीची जमीन साधारण चौरस मीटरला २०० किलो भार धरून बांधतात, तेव्हा सगळं एका कोपऱ्यात उंच रचू नका.

वाळलं हे कसं ओळखायचं?

ओलावा मोजायचं दोन सुयांचं मीटर मिळतं. तेही नको असेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. ओल्या फळीचा एक तुकडा बाजूला काढून त्याच थरात ठेवा आणि दर महिन्याच्या एक तारखेला वजन लिहा. उतरता उतरता दोन-तीन महिने आकडा हलेनासा झाला की लाकूड हवेशी जुळलं. हे बघायचं जानेवारी-फेब्रुवारीत. जुलैत वजन थांबलं तर त्याचा अर्थ एवढाच की बाहेरही तेवढीच ओल आहे.

पावसाळ्यात ते फुगणार नाही का?

फुगणार. दर वर्षी फुगणार आणि दर हिवाळ्यात आकसणार. ते थांबवता येत नाही, त्याला जागा ठेवता येते.

मुंबईत पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर असते तेव्हा लाकडातला ओलावा १६ ते १८ टक्क्यांवर जातो. थंडीत तो ११-१२वर उतरतो. पाच टक्क्यांच्या या फरकाने सागासारखं शांत लाकूडही ६०० मिलिमीटर रुंदीत पाच-सहा मिलिमीटर हलतं. बाकीची बहुतेक लाकडं याहून जास्त. लांबीत मात्र जवळजवळ काहीच नाही. सगळा खेळ रुंदीचा आहे.

माझं पहिलं टेबल मी खालच्या चौकटीला चारही बाजूंनी स्क्रू मारून घट्ट बसवलं. ऑक्टोबरमध्ये केलं, डिसेंबरात एसीच्या खोलीत ठेवलं. एका रात्री फटाका फुटावा तसा आवाज आला. सकाळी पाहिलं तर मधल्या फळीला टोकापासून दीड फुटाची चीर. एसीतली हवा कोरडी, फळीला आकसायचं होतं, आणि मी तिला बांधून ठेवलं होतं. आता टेबलाची पाटी लाकडी गुट्ट्यांवर बसते. गुट्टा पाटीला स्क्रूने पक्का, पण त्याचं दुसरं टोक चौकटीच्या खाचेत नुसतं अडकलेलं, सरकायला मोकळं.

जुन्या चाळींचे दरवाजे पाहा. जाड चौकटीच्या खाचेत मधल्या फळ्या सैल बसवलेल्या असतात, खळ नाही, खिळा नाही. शंभर पावसाळे काढलेल्या दरवाजाची फळी आजही बोटाने दाबली तर किंचित हलते. करणाऱ्याने ती जागा जाणून ठेवली होती. कपाटाची दारं त्याच रीतीने करा. खणांच्या वर-खाली तीन मिलिमीटर फट ठेवा, नाहीतर जुलैत खण उघडणार नाही.

कीड लागली तर?

सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात पिष्ट असतं, घुण त्याच्यासाठी येतो. शक्यतो तो भाग कापूनच टाका. ठेवायचा असेल तर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड गरम पाण्यात विरघळवून ओल्या फळ्यांनाच लावा. ओल्या लाकडात ते आत झिरपतं, सुक्यात वरच राहतं. पावसात भिजलं तर धुऊन जातं. पाट-पोळपाटाच्या लाकडाला लावू नका. वाळलेल्या वस्तूखाली पिठासारखा भुगा दिसला तर ती लगेच बाकीच्यांपासून दूर करा.

दोन खोल्यांच्या घरात हे काम होतं?

माझं होतं. फळ्या एकदा वखारीच्या भागातच जॉबवर्कवाल्याच्या मशीनवर रंधून, एका जाडीच्या करून आणतो. त्यामुळे घरी मोठं यंत्र लागत नाही आणि पोतंभर भुसा बाहेरच राहतो. घरात हातरंधा, करवत, अर्ध्या आणि एक इंचाची पटाशी, गुण्या, चार क्लॅम्प आणि धारेचा दगड. सगळं नागदेवी स्ट्रीटला मिळालं. पैसे थोडेच असतील तर ते चांगल्या पटाशीत आणि दगडात घाला. हातहत्यारांचा आवाज शेजारी जात नाही, आणि आमच्याकडे दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद असते ती मी पाळतो. घासकाम करताना साधा रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लावा.

मिस्त्रीकडून करून घेतलं तर चालेल का?

जरूर. फक्त अशा मिस्त्रींना शोधा ज्यांनी भरीव लाकडाचं काम केलं आहे. आज बरेच कारागीर प्लाय आणि सनमाइकात तरबेज आहेत, पण प्लाय हलत नाही, त्यामुळे लाकडाला मोकळीक ठेवायची सवय हाताला राहत नाही. ‘साल-चूल करता का?’ (म्हणजे एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याचं टोक बसवायचा जोड) एवढं विचारा. ज्यांचा चेहरा खुलतो, त्यांना काम द्या.

पॉलिश कोणतं?

शिजवलेलं (दुकानात ‘बॉइल्ड’ म्हणून मिळणारं) जवसाचं तेल, तीन-चार हात, प्रत्येक हातानंतर फडक्याने कोरडं पुसून. एक गोष्ट जिवाची आहे: तेलाची फडकी गोळा करून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा, मगच फेका.

लाखेचं स्पिरिट पॉलिश फडताळांना आणि देव्हाऱ्याला फार सुंदर दिसतं, पण पावसाळ्यात केलं तर पांढरट धुकं येतं. डिसेंबर ते फेब्रुवारीतच करा. जेवणाच्या टेबलाला ते नको, गरम कप ठेवला की गोल डाग पडतो. पोळपाटाला काहीच लावू नका.

किचन ट्रॉली, बाथरूमचं कपाट?

सिंकखाली आणि बाथरूममध्ये आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय वापरा. आपलं लाकूड तिथे खर्चू नका. ओट्यावरची मांडणी, भिंतीवरच्या खुंट्या, चमच्यांचा स्टँड, पडद्याचे दांडे, खिडकीतलं बैठं फडताळ यांना ते द्या. भिंतीत खुंटी बसवताना ती किंचित वर तिरकी ठेवा, पिशवी घसरत नाही.

विकतच्यापेक्षा स्वस्त पडतं का?

नाही. चिराई, टेम्पो, रंधाई आणि आपले रविवार धरले तर नाही.

झाड नाही, पण चाळ पाडताना जुने वासे मिळताहेत. घ्यावेत का?

मिळाले तर सोडू नका. गिरगाव, लालबाग, परळच्या जुन्या इमारतींत ब्रह्मदेशी साग आहे, आणि तो सुकून शतक झालेलं आहे. हे लाकूड किती टिकतं याची साक्ष मुंबईतच बांधलेली आहे: वाडियांच्या गोदीत मलबारी सागाची एचएमएस त्रिंकोमाली ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली आणि ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. वासे घेताना टोकं टोचून पाहा. भिंतीत गाडलेला फूट-दीड फूट बऱ्याचदा कुजलेला असतो. खिळे काढायचे कष्ट इथेही आहेत. चिरल्यावर करड्या काळ्या कातडीखालून सोनेरी लाकूड निघतं आणि सगळ्या गिरणीत चामड्यासारखा वास दरवळतो.

पहिली वस्तू कोणती करावी?

पाट. पंधरा इंच लांब, बारा इंच रुंद, एक इंच जाड अशी एक फळी आणि खाली दोन आडव्या पट्ट्या. एवढ्यात सगळं आहे. फळी सपाट करायला रंधा हाती यावा लागतो. पट्ट्या रुंदीत आडव्या बसतात, म्हणून मधला स्क्रू घट्ट आणि कडेच्या स्क्रूंची भोकं लांबट ठेवावी लागतात, म्हणजे फळीला हलता येतं. कडा हाताला लागणार नाहीत इतक्या गोल करायच्या. मग मांडी घालून त्यावर बसा आणि दोन्ही बाजूंना झुकून पाहा. डुगडुगला तर खालच्या कोणत्या पट्टीचा कोणता कोपरा उंच आहे ते बोटाने शोधा, रंध्याचा एक पातळ ओढा मारा, आणि परत बसा.